भरतकामाच्या दोऱ्याचा गुंता आणि जुनी लग्नपत्रिका

तुळशीबागेतून हौसेनं रंगीत लड्या आणायच्या आणि संध्याकाळचा मोकळा अर्धा तास टाके घालण्याऐवजी गुंता सोडवण्यात घालवायचा, असं कितीतरी दिवस चाललं होतं. आता हे करते:

१. जुन्या लग्नपत्रिकेचे साधारण ४ बाय ५ सेंमीचे तुकडे कापा. (गणपतीच्या चित्राला कात्री लावायचा धीर होत नाही, तेवढं बाजूला ठेवते.) दोन्ही कडांना खाच द्या.

२. दोरा गुंडाळण्याआधी लडीवरचा रंगाचा क्रमांक तुकड्यावर लिहा. कागदी पट्टी हरवली की तोच पोपटी पुन्हा मिळवताना दुकानदारही वैतागतो.

३. लडी खुर्चीच्या पाठीला अडकवून दोरा सैलसर गुंडाळा, टोक खाचेत अडकवा. सगळे तुकडे काजूकतलीच्या रिकाम्या खोक्यात उभे राहतात.

४. खरी गंमत पुढे आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंमी दोरा कापा. तो सहा पदरी असतो. दोन पदर हवे असले तरी एकदम ओढू नका. टोक चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढा. बाकीचे खाली गोळा होतात, पण गाठ बसत नाही. हात फिरवून ते सरळ करा, मग दुसरा पदर काढा आणि दोन्ही जुळवून सुईत ओवा.

लाल, मरून किंवा गडद निळा दोरा पांढऱ्या कुर्त्यावर वापरण्याआधी त्याचा ओला तुकडा पांढऱ्या चिंधीत दाबून बघा. डाग उमटला तर तो रंग गडद कापडासाठीच ठेवा.