मेतकुटाच्या डब्यातला हेडफोन अँप

रात्री आई झोपली की मी हेडफोनवर कुमार गंधर्वांच्या मैफिली ऐकते. हेडफोनसाठी बांधलेल्या माझ्या पहिल्या अँपमध्ये, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये, तंबोऱ्याआधीच्या शांततेत भुरभुर पावसासारखी सळसळ यायची. रेकॉर्डिंगचीच असेल म्हणून पॉज करून पाहिलं, तरी होतीच. सर्किट नेहमीचं, चू मॉय यांचं सीमॉय, त्यात टीएल०७२ ही ऑप-अँप चिप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी. चिप बदलली की काम झालं असं वाटून पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून एनई५५३२ ही दुसरी ऑप-अँप आणली आणि सॉकेटात बसवली. सळसळ जेमतेम कमी झाली, वर आउटपुटला उणे २०० मिलिव्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे गाणं नसतानाही राहणारं स्थिर व्होल्टेज!

मग लक्षात आलं, व्हॉल्यूम शून्यावर असताना सळसळ कमी असते आणि नॉब मधे आला की वाढते. घरात पडून होता म्हणून मी व्हॉल्यूमला १०० किलोओमचा पॉट लावला होता. मधल्या स्थितीत चिपला त्याचा २५ किलोओमपर्यंत रोध दिसतो, आणि तेवढ्या रोधाचा स्वतःचा नॉइज, म्हणजे सळसळ, होतो २० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ (नॉइज मोजायचं एकक). ५५३२ चा फक्त ५! म्हणजे गोंगाट दारातच, आणि मी पंचाईत करतेय माजघराची. डीसीचंही तेच: या चिपच्या इनपुटला साधारण २०० नॅनोअँपिअर करंट लागतो, तो सीमॉयमध्ये चिपच्या इनपुटवरून ग्राउंडला असलेल्या १०० किलोओमच्या रेझिस्टरमधून गेला की २० मिलिव्होल्ट, आणि ११ पट गेनने, म्हणजे ११ पट मोठं होऊन, त्याचे २२०. टीएल०७२ ला जेएफईटी इनपुट, म्हणजे जवळजवळ करंटच न घेणारं, असल्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं.

म्हणून आता असं बांधा. पॉट १० किलोओमचा, लॉग (कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटतो तो), स्टीरिओ. त्याच्या मधल्या पायावरून २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, तो डाव्या चॅनेलसाठी चिपच्या ३ नंबरच्या पायाला, उजव्यासाठी ५ ला. त्याच पायांवरून ग्राउंडला १० किलोओम. पाय १ आणि २ च्या मधे २ किलोओम, २ वरून ग्राउंडला १ किलोओम. उजवीकडे हेच ७ आणि ६ ला. गेन ३ होतो, मोबाइलवरून ऐकायला भरपूर. ११ पट ठेवलात तर नॉइजही ११ पट. पाय १ आणि ७ मधून १० ओम घालूनच जॅककडे जा, नाहीतर लांब केबलवर चिप ऑसिलेट होऊ शकते, म्हणजे आपोआपच सिग्नल काढू लागते. रेझिस्टर सगळे निळे, एक टक्क्याचे मेटल फिल्म.

सप्लायला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीचा प्लस आणि दुसरीचा मायनस जोडलात की तो झाला ग्राउंड. उरलेला प्लस पाय ८ ला, मायनस पाय ४ ला. दोन्हीकडून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, अगदी सॉकेटला चिकटून, आणि २२० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक, पोलॅरिटी बघून. स्विच डीपीडीटीच घ्या, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा. एकच बॅटरी तुटली तर आउटपुट थेट एका बाजूला जाऊन आपटतं आणि हेडफोनची कॉइल जळू शकते. इथे दहा रुपये वाचवू नका.

झिरो पीसीबीवर (भोकाभोकांच्या बोर्डवर) सगळी ग्राउंडं एकाच बिंदूला आणा. माझा डबा मेतकुटाचा, स्टीलचा; भोक पाडण्याआधी खिळ्याने खूण ठोका, नाहीतर ड्रिल घसरतं. डबाही त्याच बिंदूला एका वायरीने जोडा. पॉटचं अंग डब्याला टेकतंच, त्यामुळे नॉबला हात लावल्यावर येणारी गुणगुण गेली.

हेडफोन लगेच लावू नका. इनपुट शॉर्ट करून दोन्ही आउटपुटचा डीसी मोजा. माझ्याकडे डावीकडे ७ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६. २० च्या वर दिसला तर आधी १० किलोओमच्या रेझिस्टरचा सोल्डरचा जोड तपासा, माझा एकदा थंड, म्हणजे नीट न धरलेला, निघाला होता. मग एखादा जुना इअरफोन लावून ऐका, आणि त्यानंतरच चांगला.