गोलकीपर पुढे जीएम झाला तर त्याचं करिअर वाचायचं कसं

आइस हॉकी नव्याने बघायला लागलेल्यांचा एक गोंधळ नेहमी होतो, एखाद्या जुन्या गोलकीपरची माहिती काढली की वर सेव्ह (अडवलेले शॉट), शटआउट (एकही गोल न खाल्लेल्या मॅचेस), जिंकलेल्या मॅचेस असं सगळं येतं आणि खाली एकदम जनरल मॅनेजर (जीएम, म्हणजे टीमसाठी खेळाडू निवडणारा, त्यांचे करार करणारा), कुठल्या टीमचा, कधीपासून कधीपर्यंत, आणि मग लोक सरळ म्हणून मोकळे होतात की भारी गोलकीपर होता म्हणजे मॅनेजरही भारीच असणार. तसं नसतं हो. दोन वेगळी माणसं आहेत असं समजूनच वाचायचं. मी इथे रॉन हेक्सटॉल धरतोय कारण त्याच्या करिअरमध्ये बक्षिसं, मारामाऱ्या, ट्रेड (टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल), नोकरी जाणं सगळं आहे, काही शिल्लक नाही ठेवलेलं.

सुरुवात सेव्ह पर्सेंटेजपासून करा. हिशोब सोपा आहे, ३० शॉट आले २७ अडवले तर ०.९००. हेक्सटॉल एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सकडून १९८६-८७ मध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याचं होतं ०.९०२, आणि त्यावर त्याला व्हेझिना ट्रॉफी मिळाली, म्हणजे लीगचा सगळ्यात चांगला गोलकीपर. आता तुम्ही म्हणाल ०.९०२ मध्ये काय एवढं, आजकाल लीगची सरासरीच ०.९०० च्या आसपास असते. बरोबर आहे, पण तेव्हा दोन्ही टीम मिळून एका मॅचला सरासरी सातच्या वर गोल व्हायचे. म्हणून आकडा कधी एकटा बघायचा नाही, त्याच सीझनच्या बाकीच्या गोलकीपरांशेजारी ठेवून बघायचा. त्याच वर्षी फ्लायर्स फायनलला एडमंटनकडून सातव्या मॅचला हरले तरी प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफी यालाच मिळाली. हरलेल्या टीमच्या माणसाला ती फार क्वचित मिळते.

आता आकड्यात न दिसणारी गोष्ट. ८ डिसेंबर १९८७, बॉस्टनविरुद्ध मॅच, शेवटची मिनिटं, बॉस्टन दोन गोलांनी मागे म्हणून त्यांनी आपला गोलकीपर बाहेर काढून एक जादा खेळाडू आत आणलेला, म्हणजे समोरचं नेट रिकामं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, हेक्सटॉलकडे आला, दुसरा कुणी असता तर कडेला ढकलून दिला असता, याने स्टिकने सरळ उचलून मारला, सगळ्यांच्या डोक्यावरून, आख्खी रिंक (बर्फाचं मैदान) पार करून आत! त्याआधी १९७९ मध्ये बिली स्मिथच्या नावावर गोल लागला होता पण तो समोरच्यांनीच चुकून स्वतःच्या नेटमध्ये घातलेला, त्याच्या टीममधून पकला शेवटचा स्पर्श स्मिथचा होता एवढंच. स्वतः नेम धरून मारणारा एनएचएलमधला पहिला गोलकीपर हेक्सटॉल. १९८९ च्या प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध परत केला. तेव्हा गोलकीपर पक कसा खेळवतो हे बघायचं असेल तर व्हिडिओच बघा, टेबलात ते सापडणार नाही.

स्वभावाबद्दल मात्र जपून. १९८७ च्या फायनलमध्ये केंट निल्सनला स्टिक मारली म्हणून ८ मॅचची बंदी, १९८९ मध्ये क्रिस चेलिओसवर धावून गेला म्हणून १२ मॅचची. हे वाचून वाटेल की मॅनेजर झाल्यावर तडकाफडकी ट्रेड करत सुटला असेल. उलटं झालं! जीएम म्हणून इतका थंड की लोक वैतागले, तरुण पोरं घ्या, वाढू द्या, थांबा. रिंकवरचा माणूस ऑफिसात तसाच असेल हे धरून चालू नका.

मधली वर्षं तर अजिबात गाळू नका, खरं करिअर तिथेच घडतं. १९९९ मध्ये खेळणं थांबलं, मग फ्लायर्ससाठी स्काउटिंग (नवे खेळाडू हेरणं), २००६ पासून लॉस एंजेलिस किंग्जमध्ये असिस्टंट जीएम, २०१२ चा स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) तिथे असताना, आणि २०१४ मध्ये कुठे फ्लायर्सचा जीएम. पंधरा वर्षं. याच्या शेजारी गार्थ स्नो ठेवा, २००६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आयलँडर्स या टीमचा बॅकअप (राखीव) गोलकीपर होता तो थेट त्याच टीमचा जीएम. दोनच महिन्यांत रिक डिपिएट्रो या गोलकीपरशी १५ वर्षांचा ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार, पुढे दुखापतींनी त्या पोराचं करिअर संपलं आणि २०१३ मध्ये करार पैसे देऊन मोडावा लागला. सगळं खापर स्नोवर फोडू नका पण, तिथल्या मालकाला असले लांबलचक करार आधीपासूनच आवडायचे. जीएमच्या वर कोण बसलंय हे नेहमी शोधायचं.

ड्राफ्ट, म्हणजे दरवर्षी टीम पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात ते, तपासताना तारखा लिहून काढा, कागदावर, खरंच. हेक्सटॉलने २०१६ मध्ये दुसऱ्या राउंडला कार्टर हार्ट हा गोलकीपर निवडला. २६ नोव्हेंबर २०१८ ला हेक्सटॉलला काढलं. हार्ट पहिली मॅच खेळला डिसेंबर २०१८ मध्ये! फ्लायर्सला कित्येक वर्षं गोलकीपर हवा होता, तो आला तेव्हा आणणारा तीन आठवडे आधीच घरी. दुसरी बाजूही बघा, २०१७ मध्ये दुसऱ्या नंबरवर नोलन पॅट्रिक घेतला आणि लगेच पुढच्या नंबरांवर हेस्कनेन आणि मकार हे नंतर स्टार झालेले खेळाडू दुसऱ्या टीमांकडे गेले, हे त्याला आजही ऐकवतात. पण पॅट्रिकला मायग्रेनमुळे २०१९-२० चा पूर्ण सीझन बाहेर बसावं लागलं, हे ऐकवणारे सोयीस्कर विसरतात.

शेवटी खुर्चीवर बसताना काय हातात आलं ते बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये हेक्सटॉल पिट्सबर्गचा जीएम झाला, जागा रिकामी केली जिम रदरफोर्डने, तोही गोलकीपरच, खेळाडू म्हणून साधारण पण जीएम म्हणून २००६ मध्ये कॅरोलिनाला आणि २०१६, २०१७ मध्ये पिट्सबर्गला कप. हेक्सटॉलला मिळाली ती त्याच विजेत्यांची वय वाढत चाललेली टीम. सलग १६ सीझन प्लेऑफ खेळलेली ती टीम २०२३ मध्ये हुकली आणि सीझन संपताच त्याची नोकरी गेली. आता तो शिक्का त्याच्या नावावर किती मारायचा हे ठरवायला २०१६ पासूनचे पिट्सबर्गचे ट्रेड काढा, कुठले ड्राफ्ट पिक (निवडीचे हक्क) कधी देऊन टाकले ते वर्षावार मांडा, एक संध्याकाळ जाते त्यात.