जत्रेचं कुस्ती मैदान: कमिटीनं काय बघायचं, तालीम संघाकडं काय सोपवायचं

जत्रा ठरली की कमिटीची पहिली बैठक इनामाच्या आकड्यावरच अडकते. आकडा नंतर ठरवा, आधी अटींचा कागद करा. मैदानात भांडण पेटतं ते इनाम किती यावरनं नव्हे. पाठ लागली का नाही, वेळ संपली का, बरोबरीत सुटली तर पैसे कुणाला, यावरनं पेटतं.

जागा, हौद (म्हणजे कुस्तीची मातीची जागा), पोलीस परवानगी, इनाम, डॉक्टर ही कामं कमिटीची. पंच आणि निकाल मात्र गावानं स्वतःकडं ठेवू नयेत. कोल्हापूर जिल्हा राष्ट्रीय तालीम संघाकडं महिनाभर आधी पंच मागा, कारण चैत्रात एकाच दिवशी चार-पाच गावांत मैदानं असतात. गावचा जुना पैलवान कितीही जाणता असला तरी त्याच्या तालमीचं पोरगं हौदात असलं की त्याच्या निकालावर बोट ठेवलं जातंच.

हौदाला वेळ द्या. 30 बाय 30 फूट आणि एक फूट खोल हौदाला 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास तांबडी माती लागते. चाळल्याशिवाय टाकू नका, एक खडा गुडघा फोडतो. मग हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून खोऱ्यानं तीन-चार वेळा वरखाली करा. प्रमाण मातीवर ठरतं, म्हणून मुठीनं तपासा: दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट टेकवताच फुटावा. फुटत नसेल तर माती ओली आहे, पाय सरकेल. गोळाच होत नसेल तर कोरडी आहे, डोळ्यांत जाईल. आदल्या रात्री पाणी शिंपडून सकाळी पुन्हा उकरा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि खाली दगडासारखं राहतं. कडेला फळ्या नकोत, चारी बाजूंनी पाच-सहा फूट मऊ माती सोडा आणि त्यापलीकडं दोर बांधा. वळवाचा काळ असतो, ताडपत्री जवळ ठेवा.

बसायला शक्यतो माळाचा उतार धरा. 1912 साली खुल्या झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात शाहू महाराजांनी हेच साधलं: प्रेक्षक उतरत्या पायऱ्यांवर गोल बसतो आणि पुढच्याचं डोकं आड येत नाही. सपाट जागेवर मागचे उभे राहतात, पुढचे हौदाकडं सरकतात आणि शेवटच्या कुस्तीला पंचाला फिरायला जागा उरत नाही.

जोड लावणं, म्हणजे कोण कुणाशी लढणार हे ठरवणं, हे खरं अवघड काम. फोनवर सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका, सकाळी काटा लावा. साठ किलोच्या आतल्या पोरांत तीन किलोचा फरकही जाणवतो, वरच्या गटात आठ-दहा किलो चालून जातात. लहान पोरांचं वय आधार कार्डावर बघा. दोन्ही वस्तादांना विचारल्याशिवाय जोड जाहीर करू नका. निवेदकानं उत्साहात माइकवर नाव पुकारलं आणि वस्ताद नाही म्हणाला की लोक कमिटीवर धावून येतात.

आता नुरा कुस्ती, म्हणजे आधीच संगनमत करून केलेली लटकी लढत. तिचं मूळ बहुतेक वेळा कमिटीच्या कागदातच असतं. ‘बरोबरीत सुटल्यास इनाम निम्मं-निम्मं’ असं लिहिलं की दोघांनाही जिवावर उदार होऊन लढायचं कारण राहत नाही, अर्धा तास हातात हात धरून वेळ काढतात. त्याऐवजी असं लिहा: चितपट केल्यास पूर्ण इनाम, वेळेत निकाल न लागल्यास पाच मिनिटं गुणांवर, पहिला गुण घेईल तो विजयी, पण त्याला तीन चतुर्थांशच, तरीही गुण नाही झाला तर दोघांना फक्त प्रवासखर्च. मोठ्या कुस्तीला वीस मिनिटं पुरेत. हा कागद दोन्ही वस्तादांच्या सह्या घेऊनच कुस्ती लावा.

हौदात एक पंच शिट्टीसह आणि बाहेर समोरासमोर दोन. खांदे टेकले का हे एका कोनातनं दिसत नाही, म्हणून तिघांतल्या दोघांचं एकमत झालं तरच हात वर करायचा. जोडी कडेला गेली तर सोडवून मध्ये आणा आणि तीच पकड धरून पुन्हा लावा. पकड कशी होती यावर वाद होऊ नये म्हणून बाहेरच्या पंचानं ती बघून ठेवलेली बरी. गळा दाबणं, बोटं पिरगाळणं, मुद्दाम डोळ्यांत माती टाकणं याला पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा कुस्ती समोरच्याला, हे सलामीआधीच माइकवर सांगा.

हौदात उतरण्याआधी नखं, अंगठ्या, गळ्यातला ताईत आणि अंगाला तेल आहे का, हे बघा. अंगावर गजकर्ण दिसलं तर कितीही नाव असलेला पैलवान असो, त्या दिवशी बाहेर बसवा. तो मातीत लोळला की पुढच्या सगळ्यांना धोका. डॉक्टर हौदाशेजारी हवा, मंडपात पाहुण्यांच्या खुर्चीत नव्हे. मान दुखावलेल्या पोराला चौघांनी उचलून खांद्यावर घेऊ नये: जागेवर सपाट ठेवा, डोकं हलू देऊ नका, 108 ला फोन करा.

हलगी चालू राहू दे, पण पंचाचा हात वर गेला की थांबवायची, हे वाजवणाऱ्याला आधी सांगा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, म्हणून मोठी कुस्ती साडेआठच्या आत लावा. इनाम लगेच, वहीवर सही घेऊन. ती वही पुढच्या वर्षी जोड लावताना पहिल्यांदा उघडा, कोण कुणाला भिडला आणि कसा निकाल लागला हे त्यातच मिळतं.