किलिमांजारोला निघण्यापूर्वी: कोकणातून जाणाऱ्यांसाठी तयारी

टांझानियातील किलिमांजारो हा ज्वालामुखीतून घडलेला पर्वत असून त्याचे उहुरू शिखर ५,८९५ मीटर उंच आहे; आपले कळसूबाई १,६४६ मीटर. शिखरावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मानाने जेमतेम निम्मा असतो आणि त्याचा सराव कोकणात कुठेही होत नाही. म्हणून सर्वांत आधी दिवसांची तरतूद करावी. पाच दिवसांचा स्वस्त कार्यक्रम सोडून माचामे किंवा लेमोशो मार्गाने सात-आठ दिवस घ्यावेत, कारण त्या वाटांवर लाव्हा टॉवरपाशी सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढून मुक्कामाला बरांकोला, म्हणजे सुमारे ३,९०० मीटरवर, उतरता येते आणि शरीराला विरळ हवेची सवय होते.

पायांची तयारी मात्र घरच्या डोंगरांत उत्तम होते. जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा हंगाम धरला, तर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून दर रविवारी पाठीवर सात-आठ किलो घेऊन रायगडाच्या पायऱ्या चढाव्यात आणि पायीच उतराव्यात. रोपवे टाळावा, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. खेड-चिपळूणकडच्यांनी रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही दोन दिवसांची चाल करावी.

बुटांबाबत विशेष आग्रहाने सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या बुटांचा तळ आतून भुसभुशीत होतो, पण वरून काहीच दिसत नाही. महिपतगडाच्या उतरणीवर माझ्या डाव्या बुटाचा तळ टाचेपासून जिभेसारखा लोंबू लागला आणि उरलेली वाट मी तो सुतळीने बांधून उतरलो. तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहावा, चीर दिसली तर नवे बूट घ्यावेत आणि ते दोन महिने वापरून पायात रुळवावेत.

शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते आणि थंडी शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत जाते. थरांचे कपडे, जाड हातमोजे व कानटोपी घ्यावी; बाटली मोज्यात घालून उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठू लागते. विजेरीचे सेल आतल्या खिशात ठेवावेत.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधी सांगावे. तोल जाऊ लागला तर औषधावर विसंबून न राहता लगेच खाली उतरावे.

उंचीवर भूक मरते. आमसुले आणि आंबापोळी जवळ असावी. टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून हे सारे कापडी पिशव्यांतच बांधावे.