पाणबुडीचा कप्तान व्हायचं आहे? मग या चुका टाळा

ब्रिटिश नौदलात पाणबुडीचे कप्तान निवडणाऱ्या 'पेरिशर' अभ्यासक्रमात नापास झालेल्या अधिकाऱ्याला दुसरी संधी नसते. परंपरेप्रमाणे त्याच्या हाती व्हिस्कीची बाटली दिली जाते, बोटीने किनाऱ्यावर रवानगी होते आणि पाणबुडीवरची कारकीर्द तिथेच संपते. १९१७ पासून ही कसोटी चालू आहे. तिथवर पोचलेले सगळे हुशारच असतात. तरीही काही जण गळतात, ते बहुतेकदा त्याच त्या चुकांमुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेरिस्कोपला, म्हणजे पाण्याखालून वरचं बघायच्या नळीला, चिकटून राहणं. फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, ३० नॉट वेगाने अंगावर येत असेल, तर ती मिनिटाला साधारण १,००० यार्ड अंतर कापते. म्हणजे ४,००० यार्डांवर दिसली तर हाताशी जेमतेम चार मिनिटं. त्यातून पाणबुडीला सुरक्षित खोलीवर जायला लागणारा वेळ आधीच वजा करायचा. उरलेल्या वेळात पुढची नजर कधी टाकायची, हे स्टॉपवॉचवर ठरतं. एकच फ्रिगेट असेल तर हे कुणालाही जमेल. सरावात मात्र अनेक जहाजं एकाच वेळी चाल करून येतात. उमेदवार जवळच्या जहाजात गुंततो आणि लांबच्याची वेळ केव्हा उलटून गेली, हे त्याला कळतच नाही.

यावर उपाय एकच: झटकन बघा, दिशा आणि अंतर मोठ्याने सांगा, पेरिस्कोप खाली घ्या आणि बाकीचं चित्र डोक्यात फिरवा. वेळ संपली की 'आणखी एकदा बघतो' म्हणायचं नाही, थेट खोल जायचं. अभ्यासक्रमाचा प्रमुख, म्हणजे 'टीचर', मागेच उभा असतो. खोल जाण्याचा हुकूम त्यालाच द्यावा लागला, तर तुमचं काय झालं ते सांगायला नको. पण धोका दिसला रे दिसला की बुडी मारणाराही कामाचा नाही. तो सुरक्षित राहतो, पण कामगिरी अर्धवट सोडून!

दुसरी चूक माणसांची. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाईजवळ अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' पाणबुडी वेगाने वर आली आणि 'एहिमे मारू' या जपानी जहाजावर आदळली. नऊ जणांचा जीव गेला. पेरिस्कोपमधली पाहणी घाईत उरकली होती. जहाज जवळ असल्याचं दाखवणारी माहिती एका तंत्रज्ञासमोर होती, पण ती कप्तानापर्यंत पोचलीच नाही. कप्तानाने स्वतः बघून समुद्र मोकळा ठरवल्यावर त्याला खोडायचं कुणी? म्हणून निर्णयाआधी 'कुणाला वेगळं काही दिसतंय का?' असं विचारायची सवय लावा. आणि कुणी बोललाच, तर त्याच्यावर खेकसू नका. माझ्या मते गणितापेक्षा हेच शिकायला जास्त अवघड आहे.

तिसरी चूक फार साधी वाटते. नोव्हेंबर २००२ मध्ये, याच पेरिशरच्या सरावात, 'ट्रॅफलगर' पाणबुडी स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाजवळ समुद्रतळावर आदळली. नकाशा खराब होऊ नये म्हणून त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरला होता. त्याखाली महत्त्वाच्या खुणा झाकल्या गेल्या होत्या! हल्ल्याच्या धांदलीतही पाणी किती खोल आहे, प्रवाह कुठे ओढतोय, हे ठरावीक वेळाने विचारत राहा. उथळ पाण्यात तर वळण घेण्याआधी विचारा.

राहता राहिली झोप. रात्रभर जागून शौर्य दाखवू नका. दुय्यम अधिकाऱ्यावर पहारा सोपवा आणि डोळा लागू द्या.