कमावतं माणूस गेल्यावर मुलांसाठी मदत कशी मिळवावी: कोल्हापूरकरांसाठी क्रमवार वाट

रक्षाविसर्जनापासून उत्तरकार्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारून डबे येतात, मंडळाची पोरं मांडव घालतात, पाहुण्यांची ये-जा चालू असते. पाहुणे परतले की घरात आई आणि दोन पोरं उरतात आणि मग प्रश्न सुरू होतात. घरभाडं कुठून द्यायचं, धाकटीची फी कशी भरायची, थोरल्यानं अकरावी सोडून शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कंपनीत लागायचं का?

आमच्या गल्लीतली अशी घरं मी जवळून बघितलीत, त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे जिनेही चढलोय. मदत आहे. पण ती महिला व बालविकास, तहसील, समाजकल्याण, बँक, न्यायालय, दवाखाना अशी विखुरलेली आहे, आणि दुःखातल्या बाईला ती एकटीनं गोळा करता येत नाही. तिच्यासोबत कुणीतरी जावं लागतं. म्हणून हा लेख त्या सोबत जाणाऱ्यासाठी आहे: मामा, शेजारी, वर्गशिक्षिका, मंडळातला एखादा पोरगा, कुणीही. नवऱ्यानं सोडलेल्या किंवा घटस्फोटित आईसाठी, आई-वडिलांपैकी कुणी गंभीर आजारी असलेल्या घरासाठीही बरीचशी वाट हीच आहे.

आधी मूल सुरक्षित आहे का ते बघा

कागदांच्या आधी हे. मुलाला मारहाण होतेय, कुणी कामाला जुंपलंय, घरात दारूचा धिंगाणा आहे किंवा मुलाला सांभाळणारं कुणीच उरलेलं नाही, असं असेल तर १०९८ लावा. हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे आणि मूल स्वतःही फोन करू शकतं. आईवर हिंसा होत असेल तर १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर थेट ११२.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं हजर करावं लागतं. ‘समिती’ म्हटलं की लोक घाबरतात, पोराला कायमचं नेतील असं वाटतं. तसं नसतं. मुलाला शक्यतो त्याच्या घरातच ठेवायचं, हेच बाल न्याय कायद्याचं तत्त्व आहे. संस्था हा शेवटचा पर्याय. तशी वेळ आलीच तर मंगळवार पेठेतलं बालकल्याण संकुल कोल्हापूरकरांना परकं नाही.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पोक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्यानं कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि जबाब घेताना पोलिसांच्या अंगावर गणवेश नसतो.

कागद: इथंच सगळं अडतं

आमच्या गल्लीतल्या एक वैनी कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणायच्या. आधार, रेशन कार्ड, दवाखान्याची बिलं, लाइटबिल, सगळं एकत्र. पहिल्या दिवशी आम्ही ती पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि एकेक कागद लावत बसलो. तेव्हा दिसलं की नवऱ्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे. मृत्यू दाखल्यात वडिलांचं नावच चुकलेलं, आणि वैनींच्या बँक पासबुकावर अजून माहेरचं आडनाव. ही दुरुस्ती करण्यात दोन महिने गेले. तेवढ्यात शाळेची फी थकली.

म्हणून मृत्यूची नोंद होतानाच नावाची अक्षरं आधार कार्डाशी ताडून बघा. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि ती मृत्यू जिथं झाला तिथं होते, माणूस राहत होता तिथं नाही. चंदगडचा किंवा गगनबावड्याचा माणूस कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात वारला तर दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. दवाखान्यातून बाहेर पडतानाच नोंद कुठं होणार ते विचारून घ्या.

मग एक साधी फाईल करा. मृत्यू दाखला (पाच-सहा प्रती घ्याच), आई आणि मुलांची आधार कार्डं, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. दाखला काढताना नवरा जिवंत असतानाची कमाई लिहिली जात नाही ना, एवढं नीट बघा. आता घरात खरोखर जे येतं तेच त्यावर आलं पाहिजे. अर्ज दिला की पोचपावती घ्याच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे, आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. पावती नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

एक गोष्ट मनापासून सांगतो. काही घरांत बाईला महिनोन्‌महिने उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि त्या काळात तिचे हक्काचे पैसे हातचे जातात. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं तो राज्यातल्या इतर गावांपुढं ठेवला. घरातली थोरली माणसं अडवत असतील तर त्यांना हेरवाडचं नाव सांगा. आपल्या जिल्ह्यातलं गाव आहे, ते ऐकून घेतात.

पासबुक उघडा

हे फार कमी लोक करतात. गेलेल्या माणसाच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा: मृत्यू कशानंही असो, दोन लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा: अपघाती मृत्यूला दोन लाख. माणसानं बँकेत कधीतरी सही केलेली असते आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. बँकेत जाऊन दाव्याचा फॉर्म मागा, लवकर.

माणूस कारखान्यात होता आणि त्याचा पीएफ कापला जात होता तर नुसती पीएफची रक्कम घेऊन थांबू नका. पत्नीला पेन्शन असते, सोबत दोन मुलांना २५ वर्षं वयापर्यंत पेन्शन असते, आणि ठेवीशी जोडलेला विमाही असतो, जो जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत जातो. बांधकाम कामगार असेल आणि त्याची कामगार कल्याणकारी मंडळाकडं चालू नोंदणी असेल तर वारसाला अर्थसाहाय्य आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळते. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं दोन लाखांची योजना आहे. तिच्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) गाठा.

मुलांसाठी: बाल संगोपन

माझ्या मते सगळ्यात आधी करायचा अर्ज हाच. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत मुलाला १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. वडील किंवा आई गेलेली, घटस्फोट झालेला, सोडून दिलेलं, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारानं अंथरुणाला, अशा मुलांसाठी ती आहे. मूल आजी-आजोबांकडं किंवा मामाकडं राहत असलं तरी चालतं.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं करायचा. कागदांसोबत एक फोटो मागतात: मुलं आणि पालक, मागं स्वतःचं घर. आमच्या वैनींना तो फोटो काढायची लाज वाटत होती. भिंतीचा गिलावा गेलेला, दाराला पोतं लावलेलं. धाकटीनं पोतं गुंडाळून वर बांधलं आणि दोघं भावंडं आईच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. घर आहे तसंच दिसू द्या. त्या फोटोचं कामच ते आहे.

पुढं घरी चौकशीला माणूस येतो, मूल कुठं राहतं, कुठं शिकतं ते बघतो. मग बालकल्याण समितीपुढं मुलाला घेऊन जायचं असतं आणि समिती आदेश देते. त्या दिवशी मुलाला आधी नीट सांगून न्या: तिथं तुला कुणी रागावणार नाही, शाळेबद्दल विचारतील, खरं ते सांग. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी दोन-तीन हजारांत काम करून देतो म्हणालं तर तिथून उठा.

त्याच कक्षात मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतल्या प्रायोजकत्वाबद्दलही विचारा. त्यात महिन्याला ४,००० रुपये असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. दोन्हींतली कुठली आपल्या मुलाला बसते ते तिथंच ठरवून घ्या.

आईसाठी

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना: महिन्याला १,५०० रुपये, दारिद्र्यरेषेखालील किंवा वर्षाला २१,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना. तिथंच राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्ज मागा. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकरकमी २०,००० रुपये मिळतात. लाडकी बहीण आणि संजय गांधी दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. हे न सांगता अर्ज केला तर नंतर त्रास आईलाच होतो.

सासरचे घरातून काढायला लागले, हिस्सा देईनात, तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न किती का असेना. फोनवर विचारायचं तर १५१००. हक्कसोडपत्रावर सही मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय करू देऊ नका. दुःखाच्या दिवसांत ‘नंतर बघू, आता सही कर’ असं म्हणून किती बायकांच्या सह्या घेतल्या जातात!

थोरल्याचं शिक्षण सुटू देऊ नका

हे शहर त्यासाठीच उभं राहिलंय. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं एकामागून एक वसतिगृहं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढलं, १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. दसरा चौकाच्या आसपासच्या बोर्डिंगांमधून गरिबांची पोरं शिकून बाहेर पडली. त्या परंपरेतली काही वसतिगृहं आजही चालू आहेत. दहावी-बारावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात जाऊन चौकशी करा, जागा लवकर भरतात.

मागासवर्गीय मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहांसाठी आणि तिथं जागा न मिळालेल्यांना खर्चाला पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेसाठी विचारे माळावरचं सामाजिक न्याय भवन. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या शासनाच्या संस्थेचं उपकेंद्र २०२१ पासून राजाराम कॉलेजच्या आवारात आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल तर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती भरा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून त्यात पूर्ण शुल्कमाफी आहे. शिवाजी विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ आहे. लवकर कमावणं भागच असेल तर कंपनीत हेल्पर लागण्यापेक्षा कळंबा रोडचं आयटीआय बघा. दोन वर्षांनी हातात ट्रेड असतो. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते.

मूल दिव्यांग असेल तर सीपीआरमधून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा. पुढची वाट दाखवायला नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शेंडा पार्कला चेतना आहे.

पोरगं गप्प झालं असेल तर

बाप गेल्यावर त्या वैनींचा थोरला कुणाशी बोलेना. रात्रभर मोबाइल, दिवसा झोप. आधी तो तालमीत जायचा. शेवटी वस्ताद स्वतः घरी आले, चहा घेतला आणि उठताना एवढंच म्हणाले, “उद्यापास्नं पाचला यायचं. माती मी उकरून ठेवतो.” तो गेला. आपल्या पेठांमधल्या तालमी आणि फुटबॉलचे संघ हा मोठा आधार आहे, शाळेतून आणि घरातून निसटलेलं पोरगं तिथं सापडतं. वस्तादांना, कोचला घरची परिस्थिती सांगून ठेवा, लपवू नका.

पण झोप उडालीय, जेवण तुटलंय, ‘जगून काय करू’ असं तोंडातून निघतंय, तर नुसत्या तालमीवर सोडू नका. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. सीपीआरमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, बाहेर बाकावर बसा आणि पोराला आत एकट्यानं बोलू द्या.

पाठपुरावा

शंभर पानी वही घ्या. तारीख, कुठल्या टेबलाला कोण भेटलं, काय म्हणालं, पुन्हा कधी बोलावलं, हे लिहीत चला. शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद असतात. काम फारच रखडलं तर लोकशाही दिन आहे, त्या दिवशी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात: तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला. आधी तालुक्याला अर्ज द्यायचा, तिथं सुटलं नाही तर वर. पोचपावत्यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा, मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका.

बाल संगोपनाच्या आदेशावरची मुदत वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर मुदतवाढीअभावी पैसे थांबतात आणि घरच्यांना ते पासबुक भरल्यावरच कळतं. आणि जूनमध्ये शाळा उघडली की बोनाफाईडच्या दोन प्रती जास्तीच्या घ्या, आईचं नाव बरोबर लिहिलंय का ते खिडकीवरच वाचून.