जुन्या कॅमॅरोच्या डिकीचे टॉर्शन बार बसवताना

१९६७ ते १९६९ या काळातील शेव्हरोले कॅमॅरोच्या डिकीचे झाकण दोन पोलादी सळ्यांच्या, म्हणजेच टॉर्शन बारच्या, पिळावर तोलले जाते. प्रत्येक सळईचे एक टोक एका बाजूच्या बिजागरीत अडकते आणि दुसरे टोक विरुद्ध बाजूच्या ब्रॅकेटमधील खाचेत बसते. त्यामुळे दोन्ही सळ्या एकमेकींना ओलांडून जातात; कोणती कोणावरून जाते, याचे छायाचित्र जुन्या सळ्या काढण्यापूर्वीच घ्यावे.

झाकण पूर्ण उघडे असताना पीळ सर्वांत कमी असतो. म्हणून काम त्याच स्थितीत करावे, मात्र झाकणाला लाकडी टेकू द्यावा, कारण सळई सुटताच त्याचे सगळे वजन खाली येते. नव्या रंगावर जाड कापड पसरावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा.

बिजागरीकडील टोक आधी अडकवून घ्यावे. मग मोकळ्या टोकावर सुमारे अर्धा इंच आतील व्यासाचा, लांब लोखंडी पाइप सरकवून, चेहरा त्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, सावकाश पीळ देत ते टोक खाचेत उतरवावे. पकडीने हे काम करण्याचा मोह टाळावा. पकड निसटली की सळई सरळ हातावर किंवा रंगावर आदळते. खाचा एकाहून अधिक असतात, त्यामुळे सुरुवात कमी पिळाच्या खाचेपासून करावी आणि झाकण उघडे राहत नसेल तरच पुढची खाच निवडावी. झाकणावर मागे स्पॉइलर (हवेचा प्रवाह वळवणारी आडवी पट्टी) बसवून वजन वाढलेले असेल तर बहुधा तशी वेळ येतेच. दोन्ही सळ्या शक्यतो समान खाचेत ठेवाव्यात.